न गंजणारा गंज : स्टीलच्या भांड्यांवरील नावांविषयी

वऱ्हाडात 'गंज' या शब्दाचे दोन अर्थ एकाच घरात सुखाने नांदतात. एक गंज लोखंडावर चढतो, दुसरा चुलीवर. प्रमाण मराठीत ज्याला आपण पातेले म्हणतो, त्या खोलगट भांड्याला इकडे गंज म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात जानेफळ हे मोठे गाव आहे. तिथल्या स्वयंपाकघरात 'स्टीलचा गंज काढ' असे कुणी म्हटले, तर पुण्या-मुंबईकडचा पाहुणा क्षणभर बुचकळ्यात पडतो. ज्याला गंज चढत नाही म्हणून स्टीलची ख्याती, त्याचाच गंज? प्रस्तुत लेखाची सुरुवात आम्ही या शब्दापासून करतो. स्टील ही चैनीची वस्तू म्हणून आपल्या घरात कशी आली आणि येताना तिने कोणता मजकूर बरोबर आणला, हा आमचा विषय आहे.

भाषेने या धातूच्या बाबतीत आणखी एक गंमत केली आहे. फारसीतून आलेला 'पोलाद' हा शब्द मराठीत चांगला रुळलेला आहे. परंतु पोलादाचा पेला किंवा पोलादाची वाटी असे आपण कधीच म्हणत नाही. पोलाद तलवारीचे, कारखान्याचे, नाहीतर माणसाच्या निर्धाराचे. वाटी, पेला, डबा मात्र स्टीलचा. वीरश्रीची सगळी वाङ्मयीन मिरासदारी पोलादाकडे गेली आणि स्वयंपाकघर 'स्टील' या इंग्रजी शब्दाच्या वाट्याला आले. साहित्याच्या अभ्यासकांनी पोलादाकडे पाहिले. स्टीलकडे फारसे कोणी पाहिले नाही.

पोलाद जुने, पण न गंजणारे पोलाद अवघे शंभर-सव्वाशे वर्षांचे. जर्मनीत क्रुप कंपनीच्या बेन्नो श्ट्राउस आणि एडुआर्ड माउरर यांच्या संशोधनावर १९१२ साली पेटंटे घेतली गेली. इंग्लंडात शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने १९१३ मध्ये बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून प्रयोग करताना क्रोमियमयुक्त पोलाद ओतले. लोखंडात क्रोमियमचे प्रमाण साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेले की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. तो खरवडला गेला तरी हवेतील प्राणवायूने पुन्हा जमतो. शस्त्रासाठी शोधलेला हा धातू सुऱ्या-काट्यांवाटे जेवणाच्या टेबलावर आला, आणि पुढे भारतीय घरातल्या ताटापर्यंत पोचला.

पण त्याआधी मराठी जगात पोलादाने एका राजवाड्यात प्रवेश केला होता. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) हे ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाच्या परिचयात आले. १९३० ते १९३३ या काळात मुथेसियसने त्यांच्यासाठी माणिकबाग हा राजवाडा सजवला. मार्सेल ब्रॉयर याने बाउहाउसमध्ये सायकलच्या हँडलकडे पाहून पोलादी नळीची खुर्ची घडवली त्याला तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. ल कॉर्ब्यूझिए, पिएर जानरे व शार्लोत पेरियाँ यांची नळीच्या सांगाड्यावरची प्रसिद्ध आरामखुर्ची माणिकबागेत आली. लुई सोन्यो व शार्लोत आलिक्स यांनी केलेले काचेचे आणि धातूचे पलंग आले. होळकर आणि कागलच्या घराण्यातील महाराणी संयोगिताबाई यांच्या शयनगृहात अशा रीतीने युरोपातील अत्याधुनिक धातुकाम विराजमान झाले. १९८० साली सदबीज या संस्थेने मोनॅकोत त्या सामानाचा लिलाव केला, आणि २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकलेच्या संग्रहालयात त्यावर मोठे प्रदर्शनही भरले.

माणिकबागेचा इतिहास लिहिला गेला, कारण त्यातल्या प्रत्येक खुर्चीला कर्त्याचे नाव आहे. जानेफळच्या फळीवरच्या गंजाला कर्ता नाही. तो भाईंदरच्या किंवा आणखी कुठल्या कारखान्यात हजारोंच्या संख्येने ठोकला गेला. मात्र त्याच्यावर दुसरेच एक नाव आहे, आणि त्याकडे वळण्यापूर्वी ही वस्तू चैनीची कशी, हे पाहिले पाहिजे.

आपल्याकडे धातूची चैन आणि धातूची बचत या गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्या. जानेफळहून उत्तरेला याच जिल्ह्यात खामगाव आहे. चांदीच्या व्यापारामुळे त्याला रजतनगरी म्हणतात. चांदी घेणारा माणूस दागिना घेतो तशी अडीनडीची सोयही घेतो. हाच न्याय थोड्या प्रमाणात तांब्या-पितळेला लागू होता. घंगाळ, गुंड, परात, कोपर ही भांडी जुनी झाली तरी त्यांची मोड येई, गरज पडली तर ती गहाणही पडत. स्टीलने हा हिशेबच मोडला. ते महाग होते, हौसेने घ्यावे लागे, पण मोडीला न्यावे तर हाती फारसे काही येत नसे. संचयाचा आधार नसलेली, निव्वळ वापराची आणि लकाकीची अशी चैन सामान्य घरात पहिल्यांदा स्टीलच्या रूपाने आली. युरोपात या विचाराला थोडा उशीरच झाला म्हणायचा. १९७२ साली ओदमार पिगे या स्विस कंपनीने 'रॉयल ओक' हे स्टीलचे घड्याळ सोन्याच्या घड्याळांहून चढ्या किमतीला बाजारात आणले, तेव्हा घड्याळांच्या जगात खळबळ उडाली होती.

ही चैन बायकांनी का स्वीकारली, याचे उत्तर लकाकीपेक्षा श्रमात अधिक आहे. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून कल्हई लागते. कल्हईवाला गावात येईपर्यंत थांबायचे, नवसागराच्या धुरात भांडी उजळून घ्यायची, आणि एरवी रोज राख, चिंच, माती घेऊन घासत बसायचे. स्टीलने हा रोजचा घाम वाचवला. कल्हईवाला गेला, तांबटाचा व कासाराचा धंदा बसला, ही त्या सुटकेची किंमत होती आणि ती दुसऱ्यांनी मोजली, हेही इथे नोंदवले पाहिजे. आधी शहरांत आणि मग खेड्यांत ही अदलाबदल होत गेली. बोहारणीने जुन्या लुगड्यांच्या बदल्यात एकेक वाटी दिली. बायकांनी भांड्यांची भिशी लावली. १९७० साली हिसारला जिंदल यांचा आणि १९८२ च्या सुमारास सेलमला सरकारी कारखाना सुरू झाला, तसा पत्रा देशातच मिळू लागला. दुकानात गिऱ्हाईक लोहचुंबक लावून पाही. चिकटला तर माल हलका. निकेलऐवजी मँगनीज घातलेले स्वस्त पोलादही चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे ही परीक्षा पुरती खरी नव्हती. पण अशी परीक्षा घेण्याइतका जाणकार रसिकवर्ग या धातूभोवती तयार झाला होता, हे महत्त्वाचे.

आता नावांकडे येऊ. भांडे घेतले की दुकानातच त्यावर नाव घालून घ्यायचे, ही रीत पितळेच्या काळापासूनची आहे. तेव्हा ठशाने ठोकून टिंबाटिंबांची अक्षरे काढत. स्टीलच्या काळात विजेवर चालणारे, घरघरणारे सुईचे यंत्र आले. अक्षरे थरथरती, काने वाकडे, वेलांट्या अर्ध्या. जागा थोडी, म्हणून मजकूर त्रोटक: 'चि. सौ. कां.', 'सप्रेम भेट', 'मामाकडून', 'कै. अमुक यांचे स्मरणार्थ', आणि शेवटी तारीख. जानेफळच्या एका परिचित घरी आम्ही फळीवरची भांडी एकेक करून उतरवली आणि वाचली. लग्नातले आंदण, आत्याचा आहेर, बारशाचा पेला, तेराव्याला वाटलेली वाटी, शाळेच्या स्पर्धेत मिळालेला डबा. तारखेनुसार लावली तेव्हा तीन पिढ्यांचे आयुष्य क्रमाने समोर उभे राहिले. त्या घरात जुनी पत्रे नव्हती, रोजनिशी नव्हती, कुळाची वही नव्हती. घरातील स्त्रियांविषयीचा जो काही लेखी मजकूर होता, तो सगळा भांड्यांवर होता.

आणि त्यात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. घरातल्या आजींना सारे ज्या नावाने ओळखतात ते नाव त्यांच्या आंदणाच्या भांड्यांवर नव्हतेच. तिथे वेगळेच नाव होते, माहेरचे. आपल्याकडे अनेक घरांत लग्नानंतर ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहितात. तांदळावरचे ते नाव हात फिरवताच पुसले जाते, पण व्यवहारात तेच टिकते. स्टीलवरचे जुने नाव काही केल्या पुसले जात नाही, पण त्या नावाने हाक मारणारे कोणी उरत नाही. तो गंज हाती घेऊन आजी इतकेच म्हणाल्या, "हे मीच."

ताम्रपटांचा अभ्यास करणाऱ्या या प्रदेशाला ही गोष्ट परकी वाटू नये. जानेफळच्या शेजारचा वाशीम जिल्हा म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिने पाचव्या शतकात आपल्या मुलाच्या वतीने राज्य केले आणि ताम्रपट दिले. एक संच पुण्यात उपलब्ध झाला, दुसरा अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचा. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे लेख १९६३ साली एकत्र संपादित केले, त्यांत हे दोन्ही आहेत. या ताम्रपटांत तिने आपली ओळख माहेरापासून दिली आहे. गुप्तांची वंशावळ, पित्याचे नाव, आणि पित्याचेच धारण गोत्र. धातूवर माहेरचे नाव कोरून ठेवणारी स्त्री या भूमीत पंधराशे वर्षांपूर्वीही होती. फरक इतकाच की तिच्या ताम्रपटांना संपादक मिळाला.

या नावांकडे हळवेपणाने पाहून चालणार नाही. भांड्यांची यादी आणि पोलादी कपाट या वस्तू हुंड्याच्या बोलणीत असत, १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानंतरही असत. आंदणाच्या प्रत्येक भांड्यामागे कुणाच्या तरी बापाचे कर्ज असू शकते. पण याच कारणाने ते नाव पुरावाही ठरते. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन हे पत्नीचेच, सासरी ठेवले म्हणून ते सासरचे होत नाही, असा निर्वाळा दिला. नांदत्या घरात कुणी न्यायालयात जात नाही. तिथे 'हे माझ्या माहेरचे' एवढे म्हणायला भांड्यावरची दोन ओळींची अक्षरे पुरतात. देणाऱ्याचा मान, घेणारीचा हक्क आणि व्यवहाराचा जाच, तिन्ही एकाच थरथरत्या ओळीत बसलेले असतात. असा मजकूर वाचायला साहित्याच्या विद्यार्थ्याहून अधिक योग्य कोण?

ही तातडी आम्हांला वाटते याचे कारण वेगळे आहे. पितळेला आता दिवाणखान्यात मान आहे. जुने घंगाळ घासून-पुसून कोपऱ्यात ठेवतात, त्यात फुले घालतात. स्टीलला तो मान अद्याप नाही. सुबोध गुप्ता या चित्रकार-शिल्पकाराने स्टीलच्या भांड्यांची प्रचंड कवटी केली, ती २००७ मध्ये व्हेनिसच्या कालव्याकाठी उभी राहिली. पण गावाकडे घर नवे बांधले, ट्रॉल्या बसवल्या, की पोचे आलेली जुनी भांडी किलोवर भंगारात जातात. स्टील पूर्णपणे वितळवता येते, हा त्याचा मोठा गुण सांगितला जातो आणि तो खराही आहे. मात्र भट्टीत जाणाऱ्या गंजाबरोबर त्यावरचे नावही जाते. ज्या धातूवर काळाचा परिणाम होऊ नये म्हणून इतके संशोधन झाले, त्यावरचा लेख असा चाळीस-पन्नास वर्षांतच नाहीसा होतो.

म्हणून आमची शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एक साधी विनंती आहे. पुढच्या सुटीत घरी गेल्यावर फळीवरची, माळ्यावरची भांडी उतरवा. बुडाशी आणि काठाशी काय कोरले आहे ते जसेच्या तसे, अशुद्धलेखनासह, वहीत उतरवून घ्या. भांड्याचा इकडचा शब्द लिहा. गंज असेल तर गंजच लिहा, पातेले लिहू नका. नाव कुणाचे, दिले कुणी, कोणत्या निमित्ताने, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा. जानेफळच्या त्या घरी आमची अशी सदतीस भांड्यांची नोंद झाली. त्यांतली चार नावे कुणाची, हे घरात कोणालाच सांगता आले नाही.