राष्ट्रांचा न्यायाधीश : हिब्रू संदेष्ट्यांचा विचार

प्राचीन पश्चिम आशियात प्रत्येक राज्याचा आपापला देव असे आणि राजा हरला की त्याचा देवही हरला, असे अनेकदा मानले जाई. हिब्रू संदेष्ट्यांनी हा समज मोडून काढला. इ.स.पू. आठव्या शतकात तकोवा गावच्या आमोस या मेंढपाळाने दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन आणि मवाब यांना त्यांच्या अत्याचारांबद्दल देवाच्या न्यायासनापुढे उभे केले. यहूदा आणि इस्राएल या हिब्रू राज्यांनाही त्याच रांगेत आणले. इस्राएलला मिसरातून आणणाऱ्या देवानेच पलिष्ट्यांना कफतोरहून आणले, असेही त्याने बजावले.

इ.स.पू. 722च्या सुमारास इस्राएलची राजधानी शोमरोन अश्शूरच्या हाती पडली. संदेष्टा यशयाने अश्शूरला देवाच्या हातातली काठी म्हटले, पण त्याच्या गर्वालाही शिक्षा ठरलेली असल्याचे सांगितले. पुढे बाबेलचे सावट आले तेव्हा संदेष्टा यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन यरुशलेमात वावरला आणि बाबेलच्या नबुखद्नेस्सर या परक्या राजाला त्याने देवाचा सेवक ठरवले. इ.स.पू. 586च्या सुमारास बाबेलच्या हातून यरुशलेम नगर आणि मंदिर जळाले, तरी श्रद्धा टिकली. कारण हा देवाचा पराभव नसून त्याचाच न्याय होता, अशी शिकवण आधीच दिली गेली होती.

इ.स.पू. 539मध्ये इराणी सम्राट कोरेशाने बाबेल घेतले. यशयाच्या ग्रंथात तो देवाचा अभिषिक्त आहे. 1879मध्ये बाबेलच्या अवशेषांत सापडलेल्या मातीच्या दंडगोलावर मात्र त्याच विजयाचे श्रेय मार्दुक देवाला दिले आहे. सर्व राष्ट्रांचा न्याय एकच देव करतो, हा संदेष्ट्यांचा विचार दानीएलाच्या ग्रंथात पूर्णत्वाला जातो : साम्राज्ये एकामागून एक लयाला जातात, देवाचे राज्य टिकते.