माटुंग्यांतील मैल्याचा वायु : एक कालनिर्णय

मैला, शेण आदिकरून टाकाऊ द्रव्यांपासून ज्वालाग्राही वायु काढण्याच्या विद्येचा इतिहास लिहितांना अनेक परदेशी व एतद्देशीय ग्रंथकार पहिला मान मुंबईस देतात. मुंबईच्या एका कुष्ठाश्रमांत १८५९ सालीं असा पहिला कारखाना उभा राहिला, असें त्यांचें विधान असून, कांहींनीं त्या आश्रमाचें स्थल माटुंगें असें स्पष्ट दिलें आहे. सदर विधान आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

माटुंग्याचा कुष्ठाश्रम १८९० सालीं स्थापन झाला. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अॅक्वर्थ हे त्याचे संस्थापक होत. पुढें त्या संस्थेस त्यांचेंच नांव मिळालें. शंकर तुकाराम शाळिग्राम यांजबरोबर १८९१ सालीं मराठी पोवाडे छापून काढणारे अॅक्वर्थ ते हेच. तेव्हां आमच्या वाचकांस ते अपरिचित नाहींत. जो आश्रम १८९० पूर्वीं नव्हताच, त्यांत १८५९ सालीं वायु निघणें अशक्य होय. मुंबईंत तत्पूर्वीं कुष्ठरोग्यांस आसरा देणाऱ्या जागा होत्या, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु त्यांपैकीं एखादीचा संबंध या प्रयोगाशीं जोडणारें प्रमाण आमच्या पाहण्यांत नाहीं. माटुंग्याचा संबंध मात्र निश्चित आहे.

आतां खरा काल कोणता? इंग्लंडांतील एक्झिटर शहराचे सर्व्हेअर डोनाल्ड कॅमेरॉन यांनीं १८९५ च्या सुमारास बंद हौदांत मैला कुजविण्याची योजना अमलांत आणून त्या हौदास ‘सेप्टिक टँक’ हें नांव दिलें, व त्यांतून निघणारा वायु दिव्यांकरितां उपयोगांत आणला. बंद हौदाची कल्पना फ्रान्सांत मूरास यांनीं आधींच मांडली होती. हवा न मिळतां मैला कुजला म्हणजे सूक्ष्म जंतूंच्या योगें मिथेन वायु उत्पन्न होतो, हें या सर्वांचें मूळ. माटुंग्यास असा वायु धरून त्यावर यंत्र चालविण्याचा उपक्रम १८९७ सालचा, असें दुसऱ्या परंपरेचे लेखक सांगतात. आश्रमाच्या स्थापनेशीं व एक्झिटरच्या कालाशीं हेंच साल जुळतें.

मग १८५९ आलें कोठून? आमचा तर्क असा कीं, एक्झिटरच्या १८९५ मधील शेवटच्या दोन अंकांचा व्यत्यास होऊन तें माटुंग्याच्या नांवावर चढलें असावें. पोथ्यांच्या नकला ताडून पाहणारांस असे अंकव्यत्यास नवे नाहींत. अर्थात् हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. तो टिको वा न टिको, १८५९ मात्र टिकत नाहीं.

यानें मुंबईचा मान गेला असें कोणी समजूं नये. एक्झिटरची युक्ति अवघ्या दोन वर्षांत सातासमुद्रांपलीकडील आश्रमांत राबविली गेली, व तेथील अनुभव पुन्हां ग्रंथरूपानें बाहेर पडला. मुंबईचे ड्रेनेज एंजिनीयर कार्कीट जेम्स यांनीं १९०२ व १९०६ सालीं पूर्वेकडील शहरांच्या मैलानिवारणावर दोन इंग्रजी ग्रंथ लिहिले. पुढेंही ही देवघेव चालूच राहिली. जशभाई पटेल यांच्या तरंगत्या टोपीच्या गोबरगॅस यंत्राचा खादी कमिशननें गांवोगांवीं प्रसार केला. आणि चीनमधील घुमटाच्या रचनेवरून उत्तर प्रदेशांत १९७८ सालीं ‘जनता’ यंत्र तयार झालें. तात्पर्य, ही विद्या कोणा एका देशाची मिरास नव्हे.

या प्रकरणाचा अखेरचा निकाल मात्र तत्कालीन कागदांनींच लागेल. म्युनिसिपालिटीचे वार्षिक अहवाल, ड्रेनेज खात्याचे नकाशे व आश्रमाचे जमाखर्च हीं साधनें मोडी दफ्तरांइतकीं आकर्षक नसल्यामुळें रद्दींत जातात. टाकाऊ वस्तूंतून तेज काढण्याचा हा इतिहास टाकाऊ समजलेल्या कागदांतच दडलेला आहे. ज्या संग्राहकांपाशीं १८९० ते १९१० पर्यंतचे असे कागद असतील, त्यांनीं ते जपावे व त्यांतील उतारे प्रसिद्ध करावे, अशी आमची विनंति आहे.