डोळ्यातून सारखं पाणी येतंय? अश्रुनलिकेचा ‘डाय’ टाकून काढलेला एक्स-रे काय सांगतो

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली असते. घरच्यांनी रजा काढलेली असते, गाडी सांगून ठेवलेली असते. आदल्या तपासणीत डॉक्टर डोळ्याच्या कोपऱ्यात सुई घालून पाणी सोडतात आणि म्हणतात, “नळी बंद आहे, पू येतोय. आधी हे बघावं लागेल.” मोतीबिंदू राहिला बाजूला, आता हे नवीन काय, असं पेशंटला वाटतं. पण डॉक्टरांचं थांबणं बरोबर असतं. बंद नळीत साचलेल्या पुवातले जंतू ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत गेले तर नजर जाऊ शकते.

अशा पेशंटांपैकी काहींना पुढे डॅक्रिओसिस्टोग्राफी, म्हणजे डीसीजी करायला सांगतात. सोप्या भाषेत, अश्रूंच्या वाटेत डाय भरून काढलेला एक्स-रे.

अश्रू जातात कुठे?

वरच्या आणि खालच्या पापणीला नाकाकडच्या टोकाशी एकेक बारीक छिद्र असतं. तिथून सुमारे १० मिलिमीटर लांबीच्या दोन नलिका निघतात. बहुतेकांमध्ये त्या पुढे एकत्र होतात आणि नाकाच्या मुळाशी असलेल्या अश्रुपिशवीत उघडतात. पिशवीच्या खालून निघालेली नळी हाडातून उतरत नाकात उघडते. म्हणूनच रडलं की नाकही वाहतं आणि डोळ्यात टाकलेल्या औषधाची चव घशात लागते.

ही सगळी वाट जेमतेम दीड इंचाची. ती तुंबली की डोळा वाहतो, पिशवीत घाण साचते, कोपरा दाबला की चिकट स्राव किंवा पू येतो. गावाकडे याला ‘लासरू’ म्हणतात. हा त्रास चाळिशीनंतर आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो.

आधी सिरिंजिंग, मग एक्स-रे

डोळा वाहतो म्हणून प्रत्येकाला डीसीजी लागत नाही. पहिली तपासणी सिरिंजिंगची. खालच्या छिद्रातून सलाईनचं पाणी सोडतात. ते घशात उतरलं तर वाट मोकळी. त्याच छिद्रातून उलटं आलं तर अडथळा अगदी सुरुवातीला. वरच्या छिद्रातून आलं तर अडथळा पुढे, आणि सोबत पू आला तर बहुधा पिशवीच्या खाली. बहुतेक पेशंटांचा निर्णय इथेच होतो.

चित्र स्पष्ट नसेल तेव्हा डीसीजीचा विचार होतो. नाकाच्या हाडाला अपघातात मार लागलेला असणं, आधीचं ऑपरेशन होऊनही पाणी न थांबणं, पिशवीत खडा किंवा गाठ असल्याचा संशय, ही त्याची मुख्य कारणं.

तपासणी कशी होते?

डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकतात. मोठ्या माणसांना सहसा भूल लागत नाही. पेशंटला टेबलावर झोपवून आधी एक साधा एक्स-रे घेतात. मग पापणीचं छिद्र थोडं रुंद करून त्यात केसासारखी बारीक नळी सरकवतात आणि आयोडीनयुक्त डाय सोडतात. डाय लागतो फक्त १ ते २ मिलिलिटर. तो आत जात असताना फोटो घेतात आणि काही मिनिटांनी पुन्हा एक. कोपऱ्यात दाब जाणवतो, घशात कडवट चव येते. चव आली तर डाय खाली उतरला असं समजायचं. काही ठिकाणी हाडाची सावली संगणकाने वजा करतात, त्यामुळे नळी स्वच्छ दिसते. अपघाताच्या केसमध्ये हाच डाय टाकून सीटी स्कॅनही करतात.

ही कल्पना नवी नाही. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि १९०९ मध्ये अमेरिकेत युइंग या डॉक्टरांनी बिस्मथचं मिश्रण भरून अश्रुपिशवीचा एक्स-रे काढला. पुढे तेलकट डाय आले. आता पाण्यात विरघळणारे वापरतात.

फिल्मवरून काय ठरतं?

पिशवी फुगलेली आणि डाय तिच्या खाली अडलेला दिसला तर डीसीआर ऑपरेशनचा फायदा होतो. यात पिशवीतून थेट नाकात नवी वाट काढतात, बाहेरून छोटी चीर देऊन किंवा नाकातून दुर्बिणीने. पण डाय पिशवीपर्यंत पोचलाच नाही, तर अडथळा वरच्या नलिकांत आहे आणि नुसतं डीसीआर पुरणार नाही. पिशवीत डाय भरताना मध्येच मोकळी जागा राहिली तर खडा किंवा गाठ असू शकते. अश्रूंतून रक्त येत असेल तर ही शक्यता तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

काय कळत नाही?

डीसीजीमध्ये डाय दाबाने सोडतात. अश्रू मात्र पापणीच्या उघडझापीने आपोआप पुढे सरकतात. वाट अरुंद असली किंवा पापणी सैल पडलेली असली, तर दाबाखाली डाय उतरतो, फिल्म नॉर्मल येते आणि डोळा वाहतच राहतो. अशा वेळी थेंबातून किरणोत्सारी द्रव्य टाकून करायचं स्कॅन उपयोगी पडतं. ‘एक्स-रे नॉर्मल, म्हणजे काही नाही’ असा निष्कर्ष घरच्या घरी काढू नये.

आधी सांगा

- आयोडीनच्या डायची पूर्वी ॲलर्जी आली असेल तर.
- गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर.
- कोपरा लाल, सुजलेला आणि ठणकत असेल तर. अशा वेळी आधी औषधाने सूज उतरवतात, डीसीजी नंतर.

तान्ह्या बाळाचा डोळा वाहत असेल तर घाबरू नये. नळीच्या तोंडाशी पातळ पडदा राहिलेला असतो आणि बहुतेक बाळांत तो वर्षाच्या आत उघडतो. कोपऱ्याचा मसाज कसा करायचा ते डॉक्टरांकडून शिकून घ्यावं. बाळांना डीसीजी क्वचितच लागते.

दुसऱ्या गावी जाताना

ही तपासणी प्रत्येक एक्स-रे सेंटरवर होत नाही. छिद्रात नळी घालणारा सरावाचा हात लागतो. त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून विचारावं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत अश्रुमार्गाच्या आजारांसाठी स्वतंत्र विभाग आहे. कुठेही गेलात तरी सिरिंजिंगचा कागद, जुन्या ऑपरेशनची नोंद आणि फिल्म किंवा सीडी सोबत ठेवा. नुसता रिपोर्ट पुरत नाही. अडथळा नेमका कुठे आहे ते सर्जनला स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागतं.