‘ऑलवेज’ म्हणजे नेमकं कधी?

आजचा शब्द आहे ‘ऑलवेज’.

नोकरीत काही काळ मी कोलकात्याजवळ डमडमला होतो. एका संध्याकाळी पहाऱ्यावरून परतलेल्या साताऱ्याकडच्या एका जवानाच्या रायफलीतून गोळी सुटली. वाळूच्या पोत्यात घुसली, म्हणून निभावलं.

“चेंबर बघितलं नाहीस?”

“साहेब, नेहमी बघतो की. आजच ऱ्हायलं.”

पोरगा खोटं बोलत नव्हता. फलकावर ‘ऑलवेज’ होतं आणि त्याचा अर्थ ‘नेहमी’ असा मीच सांगितला होता. आपल्या ‘नेहमी’त ‘न चुकता’ही बसतं आणि ‘बहुधा’ही. इंग्रजीत ‘बहुधा’साठी ‘युज्वली’ हा वेगळा शब्द आहे.

‘ऑलवेज’ला एवढी सूट नाही. जुन्या इंग्रजीत ते दोन शब्द होते, अर्थ ‘सगळी वाट’. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये खंड नाही. अंतराचा शब्द पुढे काळाला लागला. त्यातला ‘वे’ आणि आपलं ‘वाहन’ चुलतभाऊ. संस्कृत ‘वह्’ धातू त्याच कुळातला.

इंग्रजांनी वाट मोजली, फारसीनं श्वास मोजला. ‘हरदम’ म्हणजे प्रत्येक श्वासाला. डमडमच्या नावातही हाच ‘दम’ असावा, असं मला तिथे वाटायचं. पण हे नाव सहसा ‘दमदमा’वरून आलं असं सांगतात. दमदमा म्हणजे तोफा चढवायचा मातीचा उंचवटा. गावाला ते शोभतंही. १७८३ ते १८५३ बंगाल तोफखान्याचं मुख्यालय इथेच होतं.

पुढे १८९०च्या दशकात इथल्या शस्त्र कारखान्यात शरीरात शिरल्यावर पसरणारी गोळी बनली आणि गावाचं नाव जगभर झालं, ते असं. १८९९ साली हेगच्या परिषदेनं अशा गोळ्यांवर बंदी घातली. पण तो करार वाचा. बंदी फक्त सह्या करणाऱ्या देशांच्या आपसातल्या युद्धापुरती होती. तिथेही ‘ऑलवेज’ नव्हतंच!

दुसऱ्या दिवशी मी फलकावर ‘ऑलवेज’खाली मराठीत लिहून घेतलं: ‘नेहमीच. आजसुद्धा.’