खंडी, पौंड, किलो आणि गच्चीवरची टाकी

मागच्या उन्हाळ्यात अमरावतीत एका ओळखीच्यांकडे गेलो होतो. नळ रोज येत नाही, म्हणून जुन्या घराच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी चढवायची होती. कपाटातून 1955 चा नकाशा निघाला. स्लॅबच्या भारापुढे नुसतं '30' लिहिलेलं, एकक काहीच नाही. सोबतचा तरुण इंजिनियर म्हणाला, "चौरस फुटाला 30 किलो. सात बाय सातची लोखंडी चौकट टाकू. 1,470 किलोपर्यंत चालतं, आपलं 1,100 च आहे." मिस्त्रीनंही री ओढली, "काई होत नाई भाऊ, ठेवा बिनधास्त."

मी म्हटलं, थांबा. 1955 मध्ये किलो होता कुठं? वजनमापांचा मेट्रिक कायदा 1956 चा, आणि वजनं बदलायला लागली ऑक्टोबर 1958 पासून. ते 30 पौंड आहेत! म्हणजे त्याच चौकटीवर 1,470 पौंड, जेमतेम 667 किलो.

पोराला दोष देत नाही. आपल्या वऱ्हाडात वजनाचा गोंधळ जुनाच आहे. 1870 साली खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वे आली आणि इथला कापूस मुंबईच्या हिशेबात बसला: खंडी म्हणजे 784 पौंड, गाठ त्याच्या निम्मी, 392 पौंड. आता गाठ 170 किलोची, पण रुईचा भाव अजून खंडीवरच निघतो, 356 किलोची खंडी धरून. आणि आजोबा ज्वारीची खंडी म्हणायचे ती वेगळीच. ती तोलाची नाही, मापाची. पायलीनं मोजलेली.

माप आणि तोल यांतलं हे अंतर म्हणजेच घनता. सैल रुई 170 किलो घ्या, खोलीचा मोठा कोपरा भरेल. तीच प्रेसमध्ये दाबली की घनमीटरला साधारण 450 किलो होते. तीन मीटर थप्पी लावली तर चौरस मीटरला 1,350 किलो. जिनाचं गोदाम 'भरलंय' एवढ्यावरून फरशीवर काय आलंय ते कळत नाही.

धाब्याच्या घरांचंही तेच. दर पावसाळ्याआधी वर नवी पांढरी माती. फूटभर थर कोरडा असताना चौरस मीटरला पाचेकशे किलो, भिजला की त्याहून शंभर-सव्वाशे जास्त. मातीची जाडी तीच, पण झडीच्या पावसात सरे बोलायला लागतात.

मग 'न्यूटन' कशाला, असं लोक विचारतात. किलो म्हणजे वस्तूत द्रव्य किती, ते वस्तुमान. स्लॅबला मात्र ओढ कळते, पृथ्वी त्या वस्तूला किती जोरानं खाली खेचते ती. एका किलोला 9.81 न्यूटन. भारांचं आपलं मानक आयएस 875 हे 1957 चं. 1964 मध्ये त्यात किलो आले, 1987 मध्ये किलोन्यूटन. वापरातल्या गच्चीला आज चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन धरतात, म्हणजे साधारण 150 किलो. गंमत बघा, ते जुने 30 पौंड म्हणजेसुद्धा 146 किलो. गच्ची तीच, आकडे मात्र 30, 150 आणि 1.5. एकक खोडलं की यातला कुठलाही आकडा कुठंही बसतो.

आणि टाकीचं बूड साधारण एक चौरस मीटर. नुसती ठेवली तर त्या जागेवर हजार किलोच्या वर, सहा-सात पट. अकोल्यात, अमरावतीत नळाचा भरवसा नाही म्हणून एकेका गच्चीवर अशा दोन-दोन, तीन-तीन टाक्या आहेत. बांधकामाच्या परवानगीत या टाक्या कुणी मोजल्या का, हा प्रश्न मी वॉर्डातल्या सभेत विचारला. विषय पाण्याच्या वेळापत्रकावर गेला.

त्या घरी शेवटी अंगणात लोखंडी अँगलचा मनोरा उभा केला, पायाखालची काळी माती काढून मुरूम भरला आणि टाकी त्याच्यावर ठेवली. नकाशावर '30' च्या पुढे मी पेनानं 'पौंड, दर चौरस फूट' लिहून ठेवलंय.