पाळक एकटा जात नाही

1842 सालचा जून. तुम्ही व्युर्टेंबर्गच्या राज्यात आहात, ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला, काल्व शहराजवळच्या म्योटलिंगन या खेड्यात. रात्र झालीय. एका घराच्या आत-बाहेर माणसं पहाऱ्याला बसलीत. त्यांत गावचा महापौर आहे. महापौर म्हणजे आपल्याकडचा पाटील समजा. तुम्हीही भिंतीला टेकून उभे राहा. आतून धपाधप आवाज येतात. उंदीर म्हणावेत तर एवढे मोठे नसतात, कुणाचा चावटपणा म्हणावा तर सगळे डोळ्यांसमोर बसलेले.

इथे गोटलीबिन डिटुस आपल्या भावंडांसोबत राहते. वय 26. आईबाप नाहीत, प्रकृती सतत तोळामासा. या घरात आल्यापासून तिला कुणीतरी दिसतं, ती ताठ होते, भान हरपते. शेजारच्या गावच्या डॉक्टरानं तिच्या उशाशी रात्री जागून काढल्या आणि शेवटी विचारलं, या गावात प्रार्थना करणारा कुणी पाळक नाही का?

पाळक आहे. योहान क्रिस्टोफ ब्लूमहार्ट, 36 वर्षांचा, चार वर्षांपूर्वी इथे आलेला. त्याआधी तो बाझल मिशनच्या शाळेत भावी मिशनऱ्यांना शिकवत होता. हे मिशन म्हणजे तेच, ज्याची मंगळुरी कौलं पुढे कोकणातल्या घरांवर चढली. भुताखेतांच्या भानगडीत पडायची त्याला मुळीच हौस नाही. गावात चमत्काराचा बाजार भरेल, ही त्याला धास्ती. म्हणून त्यानं आधीच ठरवून टाकलंय: या घरी एकट्यानं पाऊल टाकायचं नाही. बरोबर महापौर हवा, मंडळीतला एक वडीलधारा हवा. गावात हा नियम साधा शिरस्ता वाटतो. मला विचाराल तर या साऱ्या प्रकरणातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच.

आता त्याच्या मागोमाग आत चला. गोटलीबिन झटक्यात आहे. अंग लाकडासारखं, तोंडाला फेस. तुम्ही वाट पाहता, आता काहीतरी जोरकस होणार. मंत्र, पाणी, क्रूस, दरडावणी. तसं काहीच नाही. ब्लूमहार्ट तिचे ताठरलेले हात धरतो, जोर लावून जोडतो आणि तिच्या कानाशी ओरडून सांगतो, येशूला हाक मार, मला साहाय्य कर म्हण. थोड्या वेळानं ती तेवढेच शब्द पुटपुटते. झटका थांबतो. सैतानाचं करणं बरेच दिवस पाहून झालं, आता प्रभूचं पाहू, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलतो. अधिकार म्हणतात तो एवढाच. त्यात ब्लूमहार्टच्या मालकीचं काही नाही, तो नुसता मागतो. आजूबाजूचे लोक ताईत-तोडगे सुचवतात, ते तो साफ नाकारतो. सैतानाला सैतानाच्याच हत्यारानं कसं घालवायचं? शिष्यांना न निघालेल्या भुताची गोष्ट मार्कच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात आहे. तिच्यातला प्रार्थनेचा आणि उपासाचा मार्ग मात्र तो धरतो.

पुढचं दीड वर्ष भराभर ओलांडू या. या काळात ब्लूमहार्टनं जे लिहून ठेवलं, त्यातलं बरंच पचायला जड आहे. तिच्या अंगातून खिळे आणि सुया निघाल्या, असं तो लिहितो. तिच्या तोंडून बोलणाऱ्या आवाजांशी त्यानं संवादही केला. तिथे मी अडखळतो. आजचा मानसोपचारतज्ज्ञ या आजाराला वेगळं नाव देईल, आणि त्याचं ऐकून घ्यायला हवं.

1843च्या नाताळात बाधा भावाला आणि बहीण काथारिनालाही धरते. 28 डिसेंबरच्या पहाटे दोनला तुम्ही गल्लीत थंडीनं कुडकुडत आहात, तोच काथारिनाच्या तोंडून किंकाळी फुटते: येशू विजयी आहे! पुन्हा एकदा. माणसाच्या घशातून असा आवाज निघेल असं वाटत नाही. गावातली निम्मीअधिक घरं दचकून जागी होतात. सकाळी आठच्या सुमारास सगळं शांत होतं.

तुम्हाला वाटेल, आता परतावं. थोडं थांबा. नव्या वर्षाच्या सुरुवातीला गावातला एक बदनाम माणूस चोरट्या पावलांनी पाळकाच्या दारात येतो आणि आपली पापं सांगून मोकळा होतो. मग दुसरा, मग तिसरा. प्रवचनाला पेंगणारं हे गाव काही आठवड्यांत जवळजवळ सगळंच्या सगळं त्याच्या दारात रांग लावतं. जुनी भांडणं मिटतात.

वरिष्ठांना हे रुचत नाही. ते लेखी खुलासा मागतात. 1844च्या ऑगस्टमध्ये ब्लूमहार्ट गोपनीय अहवाल देतो, तरी त्याच्या नकला बाहेर फिरतात. आजारी लोक लांबलांबून येऊ लागतात, तेव्हा वरून हुकूम येतो: पाळकानं पाळकाचंच काम करावं, रोग डॉक्टरांवर सोडावेत. हा हुकूम मला तितकासा चुकीचा वाटत नाही. 1852 मध्ये त्यानं बाड बोल हे गंधकाच्या झऱ्याचं जुनं आरोग्यस्थान घेतलं आणि थकल्याभागल्यांसाठी उघडलं.

आणि गोटलीबिन? ब्लूमहार्टनं तिला कधी व्यासपीठावर उभं केलं नाही. ती त्याच्याच कुटुंबात राहिली, मुलं सांभाळली, त्यांच्याबरोबर बाड बोलला गेली, 1855 मध्ये तिचं लग्न झालं. तिथल्या घरकारभाराचा मोठा भार तिनं उचलला. 1872 मध्ये ती वारली.