टेपचं दुसरं टोक

एम.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र होतं तेव्हा ‘कुकचा फ्लोरा’ हे पुस्तक माझ्या टेबलावर कायम असायचं. सह्याद्रीतलं एखादं झाड ओळखायचं असलं की सीनिअर म्हणायचे, ‘कुक बघ.’ मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची ही जंत्री १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाली, आणि आजही पश्चिम घाटात काम करणाऱ्या माणसाचं तिच्यावाचून चालत नाही. कुक म्हणजे कोणीतरी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक असणार असं मी गृहीत धरलं होतं. दोन वर्षं त्याचं पुस्तक वापरलं, पण हा माणूस पोटापाण्यासाठी काय करत होता हे शोधावंसं मला वाटलं नाही.

पुढे पीएच.डी.साठी विषय बदलून मी विज्ञानाच्या इतिहासाकडे आले. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यातलं तंत्रशिक्षण हा विषय घेतला आणि पहिल्याच महिन्यात हे नाव पुन्हा समोर आलं. थिओडोर कुक, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य. मूळचे आयर्लंडचे, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेले. १८६० साली बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरीला आले, वसईच्या खाडीवरच्या लोखंडी पुलाचं काम केलं आणि १८६५ मध्ये पुण्याला प्राचार्य झाले. जवळजवळ तीस वर्षं त्या खुर्चीवर होते. झाडं हा त्यांचा जोडधंदा! (याच कॉलेजच्या इमारतीची पायाभरणी ५ ऑगस्ट १८६५ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी केली. शिवनेरीवर सापडणाऱ्या ‘शिंदळ माकुडी’चं शास्त्रीय नाव फ्रेरिया, ते याच गव्हर्नरावरून. विषय सोडून आले तरी झाडं काही पाठ सोडत नाहीत.)

तुमच्यापैकी बरेच जण संशोधनाच्या तयारीत आहात आणि ‘विषय कसा सापडतो?’ हा प्रश्न मला हमखास येतो. माझ्यापुरतं उत्तर असं, की विषय गाइडच्या एका वाक्यातून मिळाला. मी मोठ्या उत्साहानं कॉलेजमधून पास झालेल्यांचे तक्ते करून नेले होते. मॅडमनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘हे आले ते ठीक. पण यांना तिकडे जायला सांगितलं कोणी?’

शाळेतल्या पोराला इंजिनिअर व्हावंसं वाटतं ते कसं? आज आपल्याला हा प्रश्नच वाटत नाही, कारण कोचिंग क्लासचे फलक प्रत्येक चौकात आहेत. १८५४ मध्ये तसं नव्हतं. आदल्या वर्षी मुंबई–ठाणे रेल्वे धावली होती. उत्तरेत गंगेचा कालवा त्याच वर्षी सुरू झाला, आणि सार्वजनिक बांधकाम खातं म्हणजे आपलं पीडब्ल्यूडी आकाराला येत होतं. सरकारला पूल, धरणं, रस्ते, बराकी हे सगळं एकदम हवं होतं आणि प्रत्येक कामावर उभा करायला विलायतेहून गोरा माणूस आणणं परवडत नव्हतं. म्हणून त्या वर्षी जुलैत ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ निघालं. नावात ‘क्लास’ आहे आणि ‘स्कूल’ आहे, ‘कॉलेज’ नाही, हे ध्यानात घ्या. हेतू इंजिनिअर घडवण्याचा नव्हताच. साहेबाच्या हाताखाली काम करू शकतील अशी माणसं हवी होती. पुढे ते मुंबई विद्यापीठाला जोडलं गेलं, पदवी आली, नावं बदलत गेली. १९११ पासून ते कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

बांधकाम खात्याची उतरंड अशी : वर इंजिनिअर, त्याखाली ओव्हरसिअर, त्याखाली मेस्त्री आणि सगळ्यात खाली मजूर. विद्यापीठाच्या परीक्षेला बसायचं तर आधी मॅट्रिक हवी आणि ती इंग्रजीतून. म्हणजे जो मुलगा मॅट्रिकपर्यंत पोचलाच नाही, त्याच्यासाठी वरची पायरी बंद. मॅट्रिकपर्यंत कोण पोचत होतं? ज्यांच्या घरात लिहिणं-वाचणं आधीपासून होतं तेच मुख्यतः. आणि दगड कोणाच्या डोक्यावर होता, हे सांगायची गरज नाही.

आता या गोष्टीत जोतीराव फुले येतात. शाळा काढणारे जोतीराव तुम्हाला माहीत आहेत. कंत्राटदार जोतीरावांबद्दल आपल्या पाठ्यपुस्तकांत एखादी ओळ असते. खडकवासल्याचं धरण बांधलं जात होतं तेव्हा त्याला बांधकामाचं साहित्य पुरवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल ही कामंही त्यांच्या नावावर सांगितली जातात. ओतकामाच्या साहित्याची विक्रीही त्यांनी केली. थोडक्यात, साइट कशी चालते हे ठाऊक असलेला हा माणूस होता. हजेरीपट कोण भरतो, बिल कोण पास करतो, पगाराच्या दिवशी मजुराच्या हातात किती पडतात आणि कागदावर किती लागतात, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

ते पाहिलेलं त्यांनी लिहूनही ठेवलं. १८७३ च्या ‘गुलामगिरी’च्या शेवटी इंजिनिअर खात्यातल्या ब्राह्मण कामगारांवर एक पवाडा आहे. आपण ‘गुलामगिरी’ वाचतो ती परशुराम, वामन, बळीराजा यांच्यासाठी आणि हा पवाडा बऱ्याचदा चाळून सोडून देतो. मीही सोडला होता. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की जोतीरावांचा राग इथे फक्त धर्मावर नाही, नोंदीवर आहे. लिहिणारा, मोजणारा, हजेरी मांडणारा एका बाजूला आणि राबणारा दुसऱ्या बाजूला. राबणाऱ्याला वाचता येत नाही म्हणून मोजणारा वाटेल ते मांडतो. तुम्ही बांधकामावर कधी गेला असाल तर मेजरमेंट बुक पाहिलं असेल. त्यात जे लिहिलं तेच काम झालं असं धरतात.

त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, सत्यशोधक समाज स्थापन झाला. समाजाचं पहिल्या काही वर्षांतलं काम पाहिलं तर लग्नं, भाषणं, निबंध यांच्या गर्दीत एक छोटीशी गोष्ट सापडते. गरीब घरच्या, खालच्या मानलेल्या जातींतल्या मुलांना पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात फीशिवाय घ्यावं यासाठी समाजाने खटपट केली आणि कॉलेजने ती सवलत दिली. प्राचार्य तेव्हा कुकसाहेबच. माझा फ्लोरावाला कुक!

मला हे वाचून किती आनंद झाला ते सांगत नाही. पण या आनंदातच मी चूक केली आणि ती तुम्हाला सांगण्यासारखी आहे. मी प्रकरणाच्या मसुद्यात लिहून टाकलं की सत्यशोधक समाजाने बहुजन मुलांसाठी ‘इंजिनिअरिंगची शिष्यवृत्ती’ सुरू केली. मॅडमनी शब्दाखाली रेघ ओढली. फी माफ होणं आणि शिष्यवृत्ती मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फी माफ झाली म्हणजे कॉलेजने पैसे मागितले नाहीत, एवढंच. त्या मुलाने जेवायचं कुठे, राहायचं कुठे, आणि तो शिकत असताना घरी त्याची मजुरी कोण भरून काढणार? सोळा-सतरा वर्षांचा मुलगा म्हणजे घरातला कमावता हात. मी एक शब्द बदलला आणि अख्खा प्रश्न झाकला गेला. तुमच्या मसुद्यात असे शब्द शोधा, ते नेमके आपल्याला आवडलेल्या परिच्छेदात असतात.

जोतीरावांना हा फरक पुरता कळत होता असं मला वाटतं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी शिष्यवृत्त्यांच्या पद्धतीवर बोट ठेवलं आहे. पद्धत वरून निःपक्षपाती दिसते, पण जे आधीच पुढे आहेत तेच त्या पटकावतात. ज्या वर्गांत शिक्षण पोचलंच नाही त्यांच्यासाठी काही राखून ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. शिवाय त्यांना स्वतःचा अनुभव होताच. लहानपणी त्यांची शाळा सुटली होती, वडिलांनी मळ्यात कामाला लावलं होतं. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा गेले. दोन शेजाऱ्यांनी एका बापाशी केलेलं ते बोलणं. आज त्याला आपण मेंटरिंग म्हणतो आणि त्याचं सर्टिफिकेट देतो.

याच्या शेजारी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची वाटचाल ठेवून पाहा. तेही कुकसाहेबांच्याच कॉलेजचे. वडील लवकर गेलेले, बंगळूरला शिकवण्या करून बी.ए. झाले, म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन पुण्याला आले, १८८३ साली एल.सी.ई.ला इलाख्यात पहिले आले आणि पुढच्या वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून नाशिकला रुजू झाले. गरिबी त्यांनीही पाहिली, कष्ट तर अफाट. पण घरी संस्कृत विद्येची परंपरा होती, मामा पाठीशी होते, आणि पुण्यात येताना हातात संस्थानाचा पैसा होता. हे म्हटल्याने त्यांचं मोठेपण कमी होत नाही. एवढंच, की ‘गरीब मुलगा इंजिनिअर झाला’ या एका वाक्यात आपण दोन अगदी निराळ्या मुलांना कोंबतो. गंमत म्हणजे ज्या खडकवासल्याला जोतीरावांनी माल पुरवला, तिथेच १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. १९६१ च्या पानशेतच्या पुरात ते धरण फुटलं, ते दरवाजेही गेले.

वास्तुकलेचं दार आणखी उशिरा उघडलं. मुंबईच्या जे.जे.मध्ये १८९६ च्या सुमारास ड्राफ्ट्समनचा वर्ग सुरू झाला, तोही आर्किटेक्टांच्या ऑफिसात हाताखाली काम करणाऱ्यांसाठी. १९१७ साली तिथले प्राध्यापक रॉबर्ट केबल आणि विद्यार्थी यांनी मिळून जी संघटना काढली, तिचीच १९२९ पर्यंत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. इथेही सुरुवात हाताखालच्या माणसापासूनच, हे मला सारखं खटकतं. या विषयात मी खोल शिरलेली नाही, कोणाला घ्यायचा असेल तर विषय मोकळा आहे.

आता शेवटचं आणि हे प्रबंधात जाणार नाही. गेली दोन वर्षं आम्ही चौघं जण दर रविवारी पुण्यातल्या एका वस्तीत नववी-दहावीच्या मुलांना भेटतो. बहुतेकांचे आईवडील बांधकामावर आहेत. कोणी सेंट्रिंगला, कोणी गिलाव्याला, कोणी नाक्यावर उभं राहून जे मिळेल त्याला. आमच्यातला एक सिव्हिल इंजिनिअर आहे, तो मुलांना खोली मोजून कागदावर नकाशा काढायला शिकवतो. एका रविवारी त्यानं टेप काढला तर एक मुलगा चटकन उठला आणि टेपचं टोक धरून भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसला. सराईतासारखा, अगदी अंगठ्यानं दाबून. त्याला विचारलं, ‘कुठे शिकलास रे?’ तर म्हणाला, ‘पप्पांबरोबर जातो ना सुट्टीत. इंजिनिअर आकडा वाचतो, पप्पा टोक धरतात.’

मी त्या रात्री घरी येऊन ‘गुलामगिरी’तला पवाडा तिसऱ्यांदा वाचला.

पुढच्या रविवारी त्याला आकडा वाचायला लावला आणि टोक मी धरलं. पहिल्यांदा त्यानं चुकीचा वाचला, इंच आणि सेंटिमीटरची बाजू उलटी धरली होती. दुसऱ्यांदा बरोबर. मग त्यानं विचारलं, ‘ताई, दहावीनंतर काय करायचं ह्यासाठी?’ मी सांगायला लागले. पॉलिटेक्निकला सिव्हिलचा डिप्लोमा, तीन वर्षांचा, दहावीच्या मार्कांवर. आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल, दोन वर्षांचा. डिप्लोमा झाला की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आणि तोवर घरी?’

फीमाफीच्या पुढे जाणारा तोच प्रश्न होता. माझ्याकडे त्याचं तयार उत्तर नव्हतं. आम्ही उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बांधकाम कामगार मंडळात वडिलांची नोंदणी, नोंदणी असेल तर मुलांच्या शिक्षणासाठी मिळणारी मदत, हॉस्टेलचा अर्ज अशी एक यादी केली. वडिलांची नोंदणी झालेली नव्हती. त्यासाठी वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो द्यायचा कंत्राटदारानं किंवा महापालिका, ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यानं. पप्पा सध्या ज्या कंत्राटदाराकडे आहेत तो म्हणतो, बघू. येत्या शनिवारी आमचा सिव्हिलवाला मित्र आणि मी त्याच्याशी बोलायला साइटवर जाणार आहोत.